मांडी घालून शिकवलेली गाडी

मी कुणाच्याही गाडीत पुढच्या सीटवर बसायचं नाही, असा आमच्या घरात एकमतानं ठराव झाला आहे. एकमतानं म्हणजे माझं मत न विचारता. मुलगा ठाण्याला राहतो. त्याच्याकडे जायचं असलं की तो डोंबिवलीला घ्यायला येतो, माझी पिशवी डिकीत ठेवतो आणि मागचं दार उघडून "या मातोश्री" म्हणतो. पुढे त्याचे बाबा बसतात, ज्यांची उभ्या जन्मात सायकलचीही भीती गेली नाही. मी मागे, कारण मी पुढे बसले की माझे पाय गाडी चालवायला लागतात. समोर रिक्षा आडवी आली की माझा उजवा पाय खालच्या मॅटवर दाणकन आपटतो, चालवणारा दचकून खरंच ब्रेक मारतो आणि मागचा माणूस आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो.

पाय असे झाले ते धंद्यामुळे. मी डोंबिवलीत बायकांना गाडी शिकवत असे. यंदा ते काम थांबवलं, गाडी विकली, गेटवरची पाटी उतरवली. आता निवांत बसा, असं जो तो सांगतो. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसतेही. पण खालच्या वळणावर कोण इंडिकेटर न देता वळलं, कुणाच्या गिअरनं खरडल्यासारखा आवाज केला, हे कानावर येत राहतं आणि हातातला चहा गार होतो. निवांतपणा माझ्या स्वभावात मुळात कमीच होता, उरलासुरला या कामानं घालवला.

शिकवायची गाडी वेगळी असते. तिच्यात डाव्या सीटसमोरही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. अ‍ॅक्सिलरेटर मात्र नसतो. म्हणजे शिकवणाऱ्याला गाडी पळवता येत नाही, फक्त थांबवता येते. संसारात बायकांच्या वाट्याला बहुतेक हेच दोन पेडल आलेले असतात, त्यामुळे मला ती जागा पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटली. शिकणारी व्यक्ती उजवीकडे बसून घाम पुसत असते आणि शिकवणारी डावीकडे बसून तोंडानं "छान, छान" म्हणत पायांनी तिला वाचवत असते.

मी यात पडले ते एका खोट्या उत्तरामुळे. माहेर ठाण्याचं, टेंभी नाक्याजवळचं. वडील एसटीत ड्रायव्हर, खोपट डेपोला. मी शिक्षिका व्हावं अशी त्यांची फार इच्छा होती. लग्न होऊन डोंबिवलीत आले तेव्हा मला एका ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात फोन घ्यायची नोकरी मिळाली. बायकांचे फोन यायचे आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा, "शिकवायला बाई आहे का?" मी "नाही" म्हणायचे आणि फोन बंद व्हायचा. एका दुपारी मला या "नाही"चा इतका वैताग आला की मी म्हणाले, "आहे. सोमवारपासून या." लायसन्स माझ्याकडे होतं, धीर नव्हता. शिकवायचा परवाना वेगळा काढावा लागतो. तो हातात पडेपर्यंत त्या बाईंना "मॅडम गावाला गेल्यात" असं सांगत राहिले. मालकांनी कपाळावर हात मारला, पण अडवलं नाही. वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "झालीस ना शिक्षिका, मग झालं तर." पुढे मी स्वतःची गाडी घेतली आणि पाटी लावली. आमच्या भागात बाई शिकवते अशी तेवढी एकच पाटी होती.

सुरुवातीच्या काळात शिकणाऱ्या बाईबरोबर घरून एक पहारेकरी यायचा आणि मागच्या सीटवर बसायचा. कधी नवरा, कधी दीर, बहुतेकदा सासू. नवरे सूचना करायचे, त्यांना मी उतरवून द्यायचे. सासवांचं वेगळं. एक आजी रोज यायच्या आणि अर्धा रस्ता गेला की म्हणायच्या, "आता आलोच आहोत तर जरा मंडईवरून घे." सूनबाई मंडईच्या गर्दीत रोज घामाघूम व्हायची, आजी कोथिंबीर घेऊन यायच्या. ती मुलगी माझ्या सगळ्या विद्यार्थिनींत गर्दीला सर्वात कमी घाबरणारी निघाली. मी नंतर बऱ्याच जणींना मुद्दाम मंडईवरून नेलं.

माझ्या गाडीला कधी ओरखडा पडला नाही, याचा मला मोठा तोरा होता. तो कुलकर्णी बाईंनी उतरवला. त्या बँकेत अधिकारी, स्वभावानं शिस्तीच्या, पहिल्या फटक्यात टेस्ट पास. पेढे घेऊन आल्या. आणि त्याच आठवड्यात त्यांचा फोन. स्वतःच्या नव्या गाडीनं त्यांनी सोसायटीतल्या कुंड्यांची अख्खी ओळ झोपवली होती.

"ब्रेक नाही का मारलात?" मी विचारलं.

"मॅडम," त्या अगदी प्रामाणिक आश्चर्यानं म्हणाल्या, "तुमच्या गाडीत ती थांबायची हो!"

मी हा किस्सा जेवताना यांना रंगवून सांगितला. मला वाटलं होतं हसतील. हे आमटी वाढून घेत म्हणाले, "म्हणजे ती बाई गाडी चालवतच नव्हती, नीला. तू चालवत होतीस." आयुष्यात गाडीच्या बाबतीत त्यांनी केलेलं हे एकमेव विधान, आणि ते नेमकं वर्मी लागलं.

त्यानंतर मला स्वस्थता राहिली नाही. जुन्या विद्यार्थिनींना फोन करायला लागले. "काय गं, गाडी चालवतेस ना?" कुणी म्हणे, "लायसन्स आहे, पण हे नेतात." कुणी म्हणे, "मुलगा म्हणतो, आई तू राहू दे." सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट असायचीच: पहिल्यांदा एकटीनं काढली तेव्हा काहीतरी झालं, आणि मग धीरच झाला नाही. मी पाय आवरायचं ठरवलं. पण पाय ठरवून आवरत नाहीत. समोर माणूस आडवा आला की ते आपले आपण जातात, डोक्याला विचारत नाहीत.

अशात कांचन आली.

कांचन मोहन्याची. तिचा नवरा राजेश एका कंपनीत पाळीवर काम करायचा. कल्याणात चार ड्रायव्हिंग स्कूल सोडून ती डोंबिवलीपर्यंत आली ती केवळ इथे बाई शिकवते म्हणून. बुटकी, चटपटीत, बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची सवय.

"मॅडम, मला शहाडचा पूल चढायचाय," ती म्हणाली. "बाकी नाही आलं तरी चालेल."

"बाकी म्हणजे?"

"ते रिव्हर्स, पार्किंग वगैरे. कॉलेजातला वॉचमन बोललाय, ताई, मी लावून देत जाईन."

मग हळूहळू कळलं. तिची मुलगी पूर्वा दहावी होऊन कल्याणच्या कॉलेजात सायन्सला गेलेली. तिचे पाय जन्मापासून कमकुवत, कॅलिपर आणि कुबड्या. शाळा घराजवळ होती, कांचन तिला रोज उचलून बाकावर बसवून यायची. आता पूर्वा आईच्या डोक्यावरून उंच झाली होती. मोहन्याहून शेअर रिक्षा. त्यांत तिला पाय लांब करता यायचे नाहीत, आणि चढायला उतरायला वेळ लागतो म्हणून रिक्षावाले नजर चुकवून पुढे जायचे. दिराची जुनी गाडी दारात ताडपत्रीखाली उभी होती, पण राजेश पहाटेच्या पाळीला गेला की चालवणार कोण? आजवरच्या गैरहजेरीला कॉलेजनं सांभाळून घेतलं होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र प्रयोगशाळेत रोज जावं लागणार होतं. ते चुकलं की सायन्स चुकलं. राजेशनं मनानं ते सोडलंही होतं. "आर्ट्सला घालू, घरून परीक्षा देईल," असं तो म्हणायचा. पूर्वाला औषधांच्या प्रयोगशाळेत काम करायचं होतं आणि ती घरी दोन दिवस जेवली नव्हती.

मोहन्याहून कल्याणला जायचं तर शहाडचा पूल ओलांडावा लागतो, आणि सकाळी तो पूल वाहता नसतो, उभा असतो. चढावर थांबायचं, हातभर पुढे जायचं, पुन्हा थांबायचं. नवशिक्याच्या तोंडचं पाणी पळतं ते इथेच. ब्रेकवरचा पाय उचलून अ‍ॅक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडी मागे घरंगळते. ती घरंगळू नये म्हणून क्लच सोडता सोडता मध्येच एका जागी धरायचा असतो. त्याला हाफ क्लच म्हणतात. तिथे पोचलं की गाडी अंगात कापरं भरल्यासारखी थरथरते आणि मागे जात नाही. ती जागा तोंडानं सांगता येत नाही. तळव्यालाच कळावी लागते.

कांचनला बाकी सगळं लवकर आलं. नको म्हणत होती ते रिव्हर्ससुद्धा आलं. चढ मात्र येईना. एमआयडीसीतल्या छोट्या चढावर ती रोज गाडी बंद पाडायची, ओठ चावून पुन्हा चालू करायची. कधी कधी पूर्वाला बरोबर आणायची. पूर्वा मागच्या सीटवर पाय आडवे पसरून, दाराला टेकून बसायची आणि हातात पुस्तक धरून शेरे मारायची.

"आई, सायकलवाला पुढे गेला."

"गप गं."

"एक आजी पण पुढे गेल्या. चालत."

दिवाळी जवळ यायला लागली तशी मी घायकुतीला आले. माझ्या बाकीच्या विद्यार्थिनींना मी पुढच्या महिन्यावर ढकललं. घरी फराळाचं राहिलं, तेही ढकललं. मला झोपेतही चढ दिसायचा. आणि एका सकाळी मी कांचनला म्हणाले, "चल, आज शहाडलाच जाऊ. पाण्यात उतरल्याशिवाय काही खरं नाही." पूर्वा मागे होतीच.

पुलावर नेहमीचीच रांग. चढाच्या मध्यावर आम्ही थांबलो. पुढे बस, मागे टेम्पो. बस हलली. कांचननं ब्रेक सोडला, गाडी जागची हलली नाही, मागे तर मुळीच गेली नाही, आणि मग सावकाश पुढे निघाली. पुन्हा थांबलो, पुन्हा तसंच. पुलाच्या माथ्यावर पोचेपर्यंत कांचनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मॅडम, जमलं! जमलं ना मला?"

"जमलं," मी म्हणाले. मलाही आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.

मागून काहीच शेरा आला नाही. उतार संपला, गाडी रस्त्याला लागली, तेव्हा पूर्वा बोलली. "आई, तुला नाही जमलं. मॅडमनी ब्रेक धरलेला. मला इथून त्यांचे पाय दिसतात."

कांचननं गाडी कडेला घेतली. इंडिकेटर देऊन, आरशात बघून, सगळं नीट करून. हँडब्रेक ओढला आणि माझ्याकडे वळली.

"खरं?"

मला स्वतःला ठाऊक नव्हतं. मी खाली पाहिलं. माझा पाय अजून ब्रेकवर होता.

"खरं," मी म्हणाले.

"मग मी एवढे दिवस काय चालवलं?"

ती पूर्वाला रागावली नाही. समोरच्या काचेतून बघत बसली. मला एवढी लाज फार कमी वेळा वाटली आहे. मग ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही पाय वर घ्या."

"म्हणजे?"

"वर. सीटवर. मांडी घालून बसा. खाली असले की ते जाणार, तुमचा काही दोष नाही. माझी आई पण मी पोळी लाटताना हातातून लाटणं घ्यायची. तिला ओट्यापासून लांब बसवलं तेव्हा मला पोळी आली."

शिकवायच्या कुठल्याही पुस्तकात हे बसत नाही, आणि कुणी असं करावं असं मी म्हणणारही नाही. पण हँडब्रेक दोन सीटच्या मध्ये असतो, तो माझ्या हाताशी होता. मी तिला बजावलं, "आधी छोटे चढ. हात मी हँडब्रेकवर ठेवणार. आणि मी 'थांब' म्हटलं की थांबायचं." ती हो म्हणाली. मी चपला काढल्या आणि मांडी घातली.

ते दिवस मला आठवले तरी जीव कासावीस होतो. पाय जमिनीला लागत नसले की माणसाला काय वाटतं ते मला त्या वयात कळलं. प्रत्येक वळणाला गुडघे आपोआप उसळायचे, मी ते दोन्ही हातांनी दाबून धरायचे. आणि कांचन चुकायला लागली. माझ्या पायांनी इतके दिवस झाकून ठेवलेल्या सगळ्या चुका एकेक करून बाहेर आल्या. एका इमारतीच्या पार्किंगच्या उतारावर ती मागे घरंगळली आणि खांबाला लागून माझ्या गाडीला पहिला पोचा आला. ती रडवेली झाली. मी उतरून तो पोचा बघितला आणि मला विचित्र सुटल्यासारखं वाटलं. आता जपायला काही उरलं नव्हतं.

रविवारी राजेश बघायला आला. मागे बसला. थोडं अंतर गेल्यावर त्याला राहवेना. "मॅडम, हे काय? पूजेला बसल्यासारख्या बसल्यात तुम्ही!"

"तुमच्या बायकोची आज्ञा आहे," मी म्हणाले.

तो हसला नाही. उतरल्यावर मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, तुम्ही तिला नाही म्हणा ना. माझं ऐकत नाही. पुलावर टँकर असतात. दोघी एका गाडीत असणार. मी पाळीवर मशीनपुढे उभा असणार आणि माझं लक्ष कुठे असेल?" तोवर मला तो बायकोला मागे खेचणारा नवरा वाटला होता. तो नुसता घाबरलेला बाप होता. मी त्याला म्हणाले, "नाही म्हणायची वेळ आली तर मीच म्हणेन. पण आधी पूल." तो निघून गेला.

पूल सुट्टी लागायच्या आधीच्या आठवड्यात केला. सकाळची वेळ, पूर्वा मागे, मी मांडी घालून, हात हँडब्रेकवर. चढ सुरू झाला आणि रांग थांबली. आरशात पाहिलं तर मागे पाण्याचा टँकर, इतका जवळ की त्याच्या जाळीखेरीज काही दिसेना. पुढची गाडी हलली. कांचननं ब्रेक सोडला. आम्ही मागे गेलो. मी हँडब्रेक ओढला. गाडी बंद.

हॉर्न सुरू झाले. तिनं पुन्हा चालू केली. पुन्हा मागे, पुन्हा हँडब्रेक, पुन्हा बंद. माझं आखडलेलं अंग म्हणत होतं, पाय खाली टाक, एका क्षणाचं काम आहे. मी मांडी सोडली नाही. पण हे सांगताना फुशारकी नाही, मी मनातल्या मनात देवाला वेठीस धरलं होतं. पूर्वानं पुस्तक मिटून छातीशी धरलं होतं.

टँकरचा क्लीनर उतरून आला. कांचनच्या काचेवर टकटक केली. "ताई, उतरा, मी काढून देतो वरपर्यंत. लाइन लागलीये बघा मागे."

तो चांगल्या मनानं म्हणत होता. तिनं हो म्हटलं असतं तर सगळ्यांची सुटका होती. कांचननं काच खाली केली. कपाळावरचा घाम भुवईवर आला होता.

"नको भाऊ," ती म्हणाली. "रोज कुठे तुम्ही असणार? फक्त टँकर जरा मागे घ्यायला सांगा. मला दोन हात जागा द्या."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मागे पूर्वाच्या कुबड्यांकडे पाहिलं, आणि मागे जाऊन ओरडला, "ए, मागे घे रे! ताई शिकतायत." टँकर खरंच सरकला. त्याच्या मागचेही कुरकुरत सरकले.

"मॅडम, हँडब्रेकवरचा हात पण काढा," कांचन म्हणाली.

"कांचन, नाही. हे मी करणार नाही."

"बरं, असू दे. पण ओढू नका, मी सांगेपर्यंत."

तिनं पायातला ब्रेक दाबून धरला, तेव्हा मी ओढलेला हँडब्रेक खाली सोडला. तिनं क्लच दाबला, गाडी चालू केली. या वेळी ती पुढे बघत नव्हती, डोळे मिटल्यासारखे करून ऐकत होती. पाय इतका सावकाश वर आला की मला वाटलं ती विसरली. मग गाडी थरथरली. स्टिअरिंग थरथरलं, पूर्वाची कुबडी दाराला टकटक लागायला लागली. "आलं," कांचन पुटपुटली. तिनं ब्रेक सोडला. आम्ही तिथेच राहिलो. मागे नाही, पुढे नाही. माझा हात लिव्हरवर होता, पण मी तो ओढला नव्हता. मग तिनं थोडी रेस दिली आणि आम्ही निघालो.

माथ्यावर पोचल्यावर ती "जमलं" म्हणाली नाही. पूर्वाला विचारलं, "कुणी धरलेला?"

"तू," पूर्वा म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड करून रडायला लागली. मीही रडले. एकटी कांचन रडली नाही, कारण पुढे उतार होता.

टेस्टला ती पहिल्या वेळी नापास झाली. पूल चढलेली बाई सपाट मैदानात इंडिकेटर द्यायला विसरली. मी इतकी चिडले की घरी येऊन भांडी घासायला काढली, घासलेलीच. ती मात्र थंड होती. पुन्हा तारीख घेतली आणि सुट्टी संपायच्या आत पास झाली. तोवर राजेश सुट्टीच्या दिवशी ताडपत्री काढून तिला दिराची गाडी चालवायला देऊ लागला होता. आर्ट्सचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. तिच्या शेजारी तो डोळे मिटून बसतो, असं पूर्वानं मला सांगितलं.

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी फोन केला. "उद्या मी येते. पहिला आठवडा शेजारी बसेन, नुसती. त्या गाडीत माझ्या बाजूला पेडल नाहीत, तुला काळजी नको."

कांचन म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. तुम्ही येऊ नका. तुम्ही असलात की मला वाटत राहतं, कुणीतरी आहे."

मी राग मानला. फोन ठेवून यांच्यावर तो काढला. एवढं शिकवायचं, मांडी घालून बसायचं, गाडीला पोचे घ्यायचे, आणि पहिल्या दिवशी येऊ नका! हे म्हणाले, "मग नको जाऊस." दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी आणायची पिशवी घेऊन निघाले आणि थेट शहाडला गेले.

पुलाच्या चढावर, कठड्याला चिकटून उभी राहिले. माझ्या हातात काहीही नव्हतं, ना लिव्हर, ना शब्द. रांग लागली होती. बऱ्याच गाड्या गेल्या. मला वाटलं तिनं घाबरून बेत रद्द केला असेल. मग वाटलं वाटेत काही झालं असेल. मग तिच्या दिराची ती निळी जुनी गाडी दिसली. पास झाली तरी काचेवर लाल रंगात एल लावलेला. मागे पूर्वा, पाय पसरून. नेमकी चढाच्या मध्यावर, माझ्यापासून हाक मारण्याच्या अंतरावर गाडी थांबली. पुढे बस, मागे ट्रक.

पूर्वानं मला पाहिलं. तिनं काच खाली केली, हात बाहेर काढून जोरजोरात हलवला, मग पुढे वाकून आईच्या खांद्याला हात लावून काहीतरी सांगितलं. मीही हात वर केला. बस हलली. निळी गाडी जागेवर थरथरली, बोटभरही मागे गेली नाही, आणि माझ्या अगदी समोरून निघून गेली. कांचनचा चेहरा मला स्वच्छ दिसला. तिनं मान वळवली नाही.

मी किती वेळ तशीच हात वर करून उभी होते कुणास ठाऊक. एक रिक्षावाला मला पॅसेंजर समजून थांबला.

संध्याकाळी पूर्वाचा फोन आला. प्रयोगशाळेबद्दल भरभरून बोलत होती, कसलासा वास अजून हाताला येतोय म्हणाली. मी विचारलं, "काय गं, सकाळी आईला सांगितलंस ना, मी उभी होते ते?"

"सांगितलं तर," पूर्वा म्हणाली. "ओरडून सांगितलं. आई म्हणाली, असतील, मी रस्ता बघतेय."